विहिरीवर स्लॅब टाकण्यापूर्वी : आमच्या कॉलनीच्या कार्यकारिणीस खुले पत्र

इंदूर, एप्रिल २०२५

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

दत्तमंदिरामागच्या विहिरीवर स्लॅब टाकायचा, वर सहा गाड्यांचं पार्किंग आणि कार्यक्रमांसाठी कायमचा मंच करायचा, असं आपण मार्चच्या बैठकीत ठरवलंत. भूमिपूजन ३१ मे रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी. फलकावर सूचना लागल्यापासून मी दोनदा अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्यापैकी कोणाशी माझं वैर नाही. एकाच गणपतीच्या आरतीला शेजारी उभे राहणारे आपण लोक. पण विहीर एकदा झाकली गेली की ती उघडायला पुन्हा कोणी येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आपण दिलेलं पहिलं कारण सुरक्षिततेचं आहे. ते कारण निघालं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच दिवस येतो : ३० मार्च २०२३, रामनवमी. बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू होतं, माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि पायाखालची जमीन खचली. ती जमीन नव्हतीच. जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, टाकलेलं ते छत होतं. ३६ माणसं गेली. त्या रात्री आमच्या घरात कोणालाही जेवण गेलं नाही.

तेव्हापासून आपल्या शहरात विहिरीचं नाव काढलं की लोक दचकतात. त्यांना मी बोल लावत नाही, मीही दचकले होते. पण त्या दिवशी काय घडलं ते एकदा नीट आठवा. उघड्या विहिरीपाशी माणूस जपून पाऊल टाकतो, आई लेकराचा हात घट्ट धरते. झाकलेल्या विहिरीवर तो निर्धास्तपणे सतरंजी अंथरतो. स्लॅबची खालची बाजू कोणालाच दिसत नाही. तिथे बारा महिने ओल असते, सळई गंजते, गंजून फुगते, काँक्रीटचे पापुद्रे सुटून पाण्यात पडत राहतात, आणि वर फरशी मात्र कालच घातल्यासारखी दिसते. ज्या कामानं त्या ३६ जणांचा जीव घेतला तेच काम आपण सुरक्षिततेसाठी म्हणून करणार आहोत, आणि वर गाड्यांचं वजन ठेवणार आहोत. हे लिहितानाही माझा हात थरथरतो.

त्या रामनवमीनंतरच आपल्या सगळ्यांना आपली विहीर आठवली, हे विसरू नका. त्याआधी कित्येक वर्षं तिच्या कठड्याशी फक्त निर्माल्याच्या पिशव्या येत होत्या. एप्रिल २०२३ मध्ये अर्धी कॉलनी म्हणाली, बुजवून टाका. आम्ही नऊ-दहा जण म्हणालो, आधी आत काय आहे ते तरी बघू. आपणच तेव्हा परवानगी दिलीत. त्याबद्दल मी आजही आपली ऋणी आहे.

मे महिन्यात देवासकडचे दोघे भाऊ गाळ काढायला आले. पिढ्यान् पिढ्या हेच काम करणारी माणसं. दोर बांधण्याआधी थोरल्यानं पेटता कंदील बादलीत ठेवून खाली सोडला. वीस-बावीस फुटांवर कंदील विझला. आम्ही सगळे गप्प झालो. तो शांतपणे म्हणाला, "हवा खराब है, रुकना पडेगा." मग दोघांनी कडुनिंबाच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराला बांधला आणि अर्धा तास वर-खाली, वर-खाली हलवत राहिले, म्हणजे तळातली साचलेली हवा ढवळून वर यावी. मध्येच बादल्यांनी पाणी ओतत होते. पुन्हा कंदील सोडला, पुन्हा विझला. पुन्हा भारा. तिसऱ्या वेळी ज्योत तळापर्यंत जळत राहिली, तेव्हा धाकटा कमरेला दोर बांधून उतरला. ज्यांना विहीर म्हणजे निव्वळ धोका वाटतो त्यांनी ती सकाळ पाहायला हवी होती. धोका होता, आणि त्याच्याशी कसं वागायचं याची रीतही होती.

चार दिवस गाळ निघत होता. वर काय काय आलं ते आपल्यापैकी काहींनी पाहिलं आहे. प्लास्टरच्या मूर्ती, ज्यांचा नुसता रंग उतरला होता. नारळ, प्लास्टिकच्या पिशव्या, तीनचाकी सायकल, फुटक्या काचांच्या देवांच्या तसबिरी. एका तसबिरीच्या मागे माझ्या सासूबाईंच्या अक्षरात तारीख होती. ती मी घरी नेली, धुतली, आणि कोणालाही न सांगता कपाटात ठेवली. आज सांगते आहे, कारण ही विहीर बाहेरच्या कोणी घाण केलेली नाही. आपणच केली, भक्तीनं केली. सासूबाईंच्या मनात तर पाण्याबद्दल केवढा आदर! पण पाणी सगळं पोटात घेतं असं त्या धरून चालल्या, आणि आम्हीही.

पाचव्या दिवशी पूर्वेकडच्या अंगाला, तळापासून हातभर वर, एक झरा मोकळा झाला. करंगळीएवढी धार. दगडाच्या भेगेतून गढूळ पाणी आलं, मग थोडं निवळ, मग स्वच्छ. धाकट्यानं खालून आरोळी मारली. कठड्याशी उभ्या असलेल्या तीन नंबरच्या आजोबांनी टोपी काढून हात जोडले.

आता काही हिशेब मांडते. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे आकड्यांशिवाय माझं भागत नाही.

विहिरीचा व्यास १४ फूट, खोली ४५ फूट. म्हणजे पाणी एक फूट वाढलं की साधारण ४,३५० लिटर जमा होतात. दिवाळीत २० फूट पाणी असतं, तेव्हा आत जवळजवळ ८७,००० लिटर असतात. पाच हजार लिटरचे सतरा टँकर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाठी मारलेला दोर सोडते, खाली शिसाचं वजन, आणि कोरडा दोर किती व ओला किती ते वहीत लिहिते. वही आपल्या कार्यालयात दाखवायला मी दोनदा आणली होती. या महिन्यात, भर चैत्रात, विहिरीत १२ फूट पाणी आहे. कॉलनीची चारशे फुटांची बोरिंग गेली दोन वर्षं एप्रिलच्या मध्यातच हवा ओकायला लागते.

लोक विचारतात, चारशे फुटांवर पाणी नाही आणि पंचेचाळीस फुटांवर कसं? उत्तर आपल्या पायाखालीच आहे. माळव्यात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी मुरमात आणि पाषाणाच्या वरच्या झिजलेल्या थरात मुरतं आणि तिथेच साठतं. उघडी विहीर चहूबाजूंनी त्या थरातलं पाणी ओढून घेते. बोरिंग तो थर लोखंडी पाइपानं बंद करून खाली जाते आणि खोल भेगांमधलं पाणी शोधते. त्या भेगा भरायला फार काळ लागतो, उपसायला मात्र एक उन्हाळा पुरतो. दरवर्षी उन्हाळ्यात जिल्ह्यात नव्या बोरिंगवर बंदी येते ती उगाच नाही.

आता सभागृहाचं छत बघा. १,८०० चौरस फूट. त्यावर एक इंच पाऊस पडला की सव्वाचार हजार लिटर पाणी होतं. थोडंफार वाया गेलं असं धरलं तरी तीन-साडेतीन हजार हाती लागतं, म्हणजे एका इंचाच्या पावसात पाऊण फूट विहीर. इंदूरला वर्षाला सरासरी ३७-३८ इंच पाऊस पडतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही पन्हाळीचा पाइप वळवला, मध्ये गिट्टी, कोळसा आणि वाळूचा खड्डा केला, पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी ठेवली. खर्च आम्ही आपसांत वाटून घेतला. मंदिरामागची बाग, सभागृहाची धुणीभांडी आणि संडास-मोरीचं पाणी गेल्या वर्षभर या विहिरीवर चाललं आहे. स्लॅब टाकल्यावर ते कुठून आणणार, हे ठरावात लिहिलेलं नाही.

पाणी खराब आहे, असाही एक आक्षेप आहे. खरं आहे, होतं. पहिल्या वर्षी मी तपासणीची छोटी बाटली आणली. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी काळी होती. विहिरीपासून आठ फुटांवर, चढाच्या बाजूला ड्रेनेजचं जुनं चेंबर फुटलेलं सापडलं. ते दुरुस्त करून घ्यायला अकरा महिने लागले. किती खेपा घातल्या, कोणत्या खिडकीवरून कोणत्या खिडकीवर पाठवलं, ते इथे उगाळत नाही. शेवटी परवानगी काढून, वर्गणी जमवून आम्ही पाइप बदलला. त्यानंतर दर तीन महिन्यांनी बाटली भरते, ती काळी पडलेली नाही. तरीही हे पाणी कोणी पिऊ नये असा बोर्ड आम्हीच लावला आहे.

महिन्यातून एकदा ब्लीचिंग पावडर टाकतो. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे भरल्या विहिरीला सव्वादोनशे ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून तेवढंच विहिरीत सोडायचं. चुना आत गेला तर पाणी जड होतं. हे काम आता कॉलनीतली नववी-दहावीतली चार मुलं करतात, माझ्यापेक्षा नेटानं. डास होतात, अशीही तक्रार असते; त्यांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले आहेत. त्या मुद्द्यावर एवढंच पुरे.

मुलांवरून आठवलं. माझं माहेर आणि सासर दोन्ही याच कॉलनीतलं. १९७० साली मी नऊ वर्षांची होते. नर्मदेचं पाणी इंदूरला आणा, म्हणून तेव्हा सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं. अभ्यास मंडळ या इथल्या संस्थेची माणसं पुढे होती, पक्षांचे झेंडे बाजूला ठेवून विद्यार्थी, व्यापारी, कामगार, सगळे आले. वडील मला बोट धरून राजवाड्यापर्यंत घेऊन गेले होते. मला त्यातलं काही कळलं नाही, पण घरी परत आल्यावर आईनं याच विहिरीचा पोहरा वर ओढून माझे पाय धुतल्याचं आठवतं. १९७८ मध्ये नर्मदा आली. घरात नळ आला, आईच्या तळहाताचे घट्टे गेले. नागरिकांनी मागून, भांडून, मिळवलेलं ते पाणी होतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण नर्मदा आली आणि आम्ही विहीर विसरलो. आपलं पाणी आज कुठून येतं? मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चारशे मीटरहून अधिक चढ पंपांनी चढून. नुसत्या विजेवर महिन्याला कोट्यवधी रुपये जातात. त्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारायला म्हणून नगर निगमनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले आणि सामान्य लोकांनीही ते घेतले. इतक्या लांबून, इतक्या कष्टानं आणलेलं पाणी आपण झाडांना घालायचं आणि सभागृहाच्या फरश्या धुवायचं, आणि दारातली विहीर झाकायची, हे माझ्या मनाला पटत नाही. नर्मदा प्यायला असू द्या. बाकीच्याला विहीर आहे.

आणखी एक सांगते. बैठकीत एका सदस्यांनी म्हटलं की तलाव-विहिरी सांभाळणं हे सरकारचं काम, आपण चार रिकामटेकडी माणसं काय करणार? त्यांना मी सिरपूरला घेऊन जायला तयार आहे. होळकरांच्या काळातला तो तलाव अतिक्रमणांनी आणि सांडपाण्यानं संपत चालला होता. आपल्याच शहरातल्या भालू मोंढे यांनी, मूळच्या छायाचित्रकारानं, सोबत्यांना घेऊन नेचर व्हॉलंटिअर्स ही संस्था उभी केली आणि वर्षानुवर्षं त्या काठावर पहारा दिला. पक्षी मोजले, अर्ज केले, लोकांना पहाटे दुर्बीण हातात देऊन उभं केलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव रामसरच्या, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय, यादीत गेले, आणि या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही रामसरची मान्यता मिळालेली देशातली पहिली पाणथळ शहरं ठरली. त्याचे फलक आपण चौकाचौकांत बघतो. त्या फलकामागे पहाटे पाच वाजता चिखलात उभी राहिलेली माणसं आहेत.

आपली विहीर सिरपूर नाही, मला माहीत आहे. तिच्यावर कोणी परदेशी पक्षी उतरणार नाही. एक खंड्या मात्र रोज येतो, रहाटाच्या लाकडावर बसतो.

स्वच्छतेत आपलं शहर २०१७ पासून देशात पहिलं येतं आहे. ओला-सुका कचरा वेगळा करायला आपण शिकलो, लहान मुलंसुद्धा चॉकलेटचा कागद खिशात ठेवतात. जी गोष्ट आपण रस्त्यावर करून दाखवली ती जमिनीखालच्या पाण्याबाबत जमणार नाही असं का मानायचं? फरक इतकाच की रस्ता डोळ्यांना दिसतो. विहिरीत वाकून बघावं लागतं.

३१ मेबद्दल जरा अवघड वाटतं लिहायला, पण लिहिते. अहिल्याबाईंनी काशीपासून गयेपर्यंत मंदिरं बांधली हे आपण भाषणांत सांगतो. त्यांनी जागोजाग विहिरी, कुंडं आणि घाट बांधले, वाटसरूला पाणी मिळावं म्हणून. जलूद आहे ते त्यांच्या महेश्वराच्या शेजारीच. या शहरातल्या मराठी माणसाला त्यांच्या नावानं जागा मिळाली, मान मिळाला. त्यांच्या तीनशेव्या वाढदिवशी त्यांच्या तसबिरीला हार घालून त्याच हातांनी आपण एक जिवंत विहीर झाकणार असू, तर त्या दिवशी मी मंडपात बसू शकणार नाही. आणि हेही पाहा, यंदा गुढीपाडव्यालाच राज्य सरकारनं जलगंगा संवर्धन अभियान सुरू केलं आहे, ३० जूनपर्यंत. जुन्या विहिरी, बावड्या, तलाव दुरुस्त करा, असं सरकार सांगत असताना आपण उलट्या दिशेला का जायचं?

पार्किंगची अडचण मला समजते. संध्याकाळी आपल्या गल्लीत रुग्णवाहिका वळत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. त्यावर मार्ग हवा, आणि मंदिराच्या दक्षिणेला मोडक्या पत्र्याच्या शेडची जी जागा पडून आहे ती मोकळी केली तर चार गाड्या आरामात उभ्या राहतात. मी पावलांनी मोजली आहे. दोन गाड्यांचा प्रश्न उरतो. त्यासाठी विहीर देऊ नका.

आमचं मागणं असं आहे. स्लॅबचा ठराव सर्वसाधारण सभेपर्यंत थांबवा. त्याआधी कठडा साडेतीन फुटांपर्यंत उंच करू द्या आणि वर लोखंडी जाळी बसवू द्या, मध्ये कुलपाचं झाकण ठेवून, म्हणजे मूल पडणार नाही, पिशवी जाणार नाही, आणि हवा-उजेड आत जाईल. जाळीचा अंदाज दोन ठिकाणांहून घेतला आहे. निम्मी रक्कम आम्ही एकोणीस घरांनी लेखी कबूल केली आहे, उरलेली निम्मी संस्थेनं द्यावी. निर्माल्यासाठी शेजारी कुंडी ठेवू. दर वर्षी गाळ बघायचा, कठड्याची तपासणी अभियंत्याकडून करून घ्यायची, याची जबाबदारी नावांसकट आम्ही लिहून देतो. जयंतीला त्या जाळीचं आणि कठड्याचं पूजन करा. मी स्वतः रांगोळी काढीन.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गेल्या दोन वर्षांत विहिरीत डोकावून पाहिलेलं नाही. ३१ मेच्या आत एकदा या. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी दोर सोडणार आहे. कंदील लागणार नाही, कोणाला उतरायचं नाही. दोराच्या गाठी या वेळी आपण मोजा, आकडा आपल्या हातानं वहीत लिहा, आणि मग सभेत काय ते ठरवा.

आपली,
कॉलनीची एक जुनी सभासद